गव्हाणीतलं झाड

गाय पाला कसा खाते हे एकदा जवळ बसून निवांत बघावं. गवताशी तिचा व्यवहार रोखठोक असतो. जिभेचा वेढा घालायचा, झुबका खालचे दात आणि वरची कडक हिरडी यांच्यात धरायचा (गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच) आणि मानेला हिसका द्यायचा. डहाळी समोर आली की हा रोखठोकपणा जातो. आधी नाकपुड्या फुलतात, वास घेतला जातो, मग जीभ डहाळीवरून सरकते आणि पानं ओरबाडून घेते. सुबाभळीची बारीक पानं ओल्या नाकाला चिकटतात, तीही जिभेनं पुसून घेतली जातात. सोललेली काडी गव्हाणीच्या तळाशी पडते. कोवळे शेंडे आधी संपतात, जून पानं मागे राहतात, आणि एखाद्या डहाळीला तर तोंडच लागत नाही.

मला त्या तोंड न लागलेल्या डहाळीत जास्त रस आहे.

पाल्याबद्दल दोन टोकांची मतं कानावर येतात आणि दोन्हींचा मला आता कंटाळा आलाय. एक मत असं की पाला ही टंचाईतली वैरण. गवत संपलं, कडबा संपला, आता झाडं ओरबाडा. दुसरं मत उत्साही मंडळींचं. त्यांच्या लेखी झाडावर फुकटची पेंड लटकलेली आहे. तोडा, टाका, पैसे वाचवा. पहिले पाल्याला कमी लेखतात आणि दुसरे झाडाला. पेंड लटकवून ठेवून कुणीही यावं आणि न्यावं, इतकं झाड भोळं नसतं.

गवताचं वेगळं आहे. त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरचं पातं चरलं, कापलं तरी खालून नवं वर सरकत राहतं. गवत आणि चरणारी जनावरं लाखो वर्षं एकमेकांच्या संगतीनं घडली आहेत. झाडाचा कोंब शेंड्याला असतो, आणि पानं गेली की पुढच्या वाढीची कमाईच गेली. म्हणून झाड पानाची राखण करतं. बोर-बाभूळ काटे लावतात, ते निदान दिसतात तरी. बाकीची राखण डोळ्यांना दिसत नाही. तुरट टॅनिन असतं, सुबाभळीत मायमोसिन असतं, गिरिपुष्पात उग्र वासाचं कुमारिन असतं. गाईला पाला घालणं म्हणजे या राखणीतून वाट काढणं. ती वाट गाय एकटी काढत नाही. तिच्या पोटात जी अब्जावधी सूक्ष्मजीवांची वस्ती असते, निम्मं काम ती वस्ती करते.

सुबाभळीची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही झाडं गेल्या काही शतकांत उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरली. वाळल्या पाल्यात वीस ते पंचवीस टक्के प्रथिनं, वाढ झपाट्याची, छाटलं की पुन्हा फुटणार. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या कुरणांत ती लावली गेली आणि जनावरं आवडीनं खाऊ लागली. पण जास्त खाणाऱ्या जनावरांचे केस गळायला लागले, गळ्याची थायरॉइड ग्रंथी सुजायला लागली, वजन थांबलं. कारण मायमोसिन. पोटात गेल्यावर त्याचं रूपांतर डीएचपी या दुसऱ्या रसायनात होतं आणि ते थायरॉइडचं काम बिघडवतं. चारा उत्तम, पण खाणारं जनावर आजारी, असा पेच.

तिकडे हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र भरपूर सुबाभूळ खाऊन मजेत होत्या. सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियन संस्थेतले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी यातून असा तर्क केला की फरक शेळ्यांच्या जातीत नाही, त्यांच्या पोटातल्या वस्तीत आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या जनावरांच्या पोटातला द्रव ऑस्ट्रेलियात आणून तिथल्या जनावरांच्या पोटात घातला गेला, आणि जे विष होतं ते नुसतं खाद्य होऊन बसलं. काही जनावरांना तो द्रव दिला की त्यातले जिवाणू कळपात आपसूक पसरतात, हेही लक्षात आलं. डीएचपी पचवणाऱ्या त्या जिवाणूला १९९२मध्ये नाव मिळालं ते जोन्स यांच्यावरूनच: सिनर्जिस्टेस जोन्सी. पाला गाईला मानवतो की नाही हे पाहायचं तर आपण पान तपासतो, गाय तपासतो, पण तिसरा भिडू तिच्या पोटात बसलेला असतो, ही गोष्ट मला तरी या हकिकतीमुळेच नीट कळली. जिथे सुबाभूळ बऱ्याच काळापासून जनावरांच्या खाण्यात आहे तिथे हे जिवाणू सहसा असतातच. तरी ‘वाळल्या वजनाच्या हिशेबानं एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त सुबाभूळ नको’ हा नियम पाळणं शहाणपणाचं. सुरुवात मूठभरापासून करावी आणि दोन-तीन आठवडे हात आखडता ठेवावा. पोटातल्या वस्तीला नवा पाहुणा ओळखायला तेवढा वेळ लागतो.

एवढा खटाटोप करायचा कशाला, असं वाटेल. उत्तर कडब्यात आहे. वाळल्या कडब्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. पोटातले सूक्ष्मजीव नीट काम करायला चाऱ्यात किमान सात-आठ टक्के तरी प्रथिनं लागतात. त्याहून कमी असली की जिवाणूंची वाढ मंदावते, तंतूंचं विघटन रेंगाळतं, पोट भरलेलंच राहतं आणि गाय आणखी खात नाही. बघणाऱ्याला वाटतं, गव्हाण भरली आहे, गाय तृप्त आहे. प्रत्यक्षात ती भरल्या पोटी उपाशी असते. अशा वेळी थोडा प्रथिनयुक्त पाला मिळाला की जिवाणूंना नत्र मिळतं, आणि ते कडबा आधीपेक्षा चांगला पचवू लागतात. म्हणजे पाल्याचं पोषण तर मिळतंच, वर कडब्याचीही किंमत वाढते. टोपलीभर पाल्यानं गव्हाणीतल्या सगळ्या वाळल्या चाऱ्याचा दर्जा बदलतो, ते असं.

याच हिशेबाची दुसरी बाजू उत्साही मंडळी सांगत नाहीत. ताज्या पाल्यात सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणीच असतं. दहा किलोचा भारा आणला तर त्यात खरा चारा अडीच-तीन किलो. शिवाय पाल्यातलं नत्र पोटात पटकन मोकळं होतं; त्याच वेळी ऊर्जा देणारं काही, म्हणजे धान्याचा भरडा, मळी, चांगलं गवत, सोबत नसेल तर ते जिवाणूंच्या हाती न लागता अमोनिया म्हणून रक्तात जातं आणि युरिया होऊन लघवीतून, दुधातून बाहेर पडतं. प्रथिनं वाया, वर यकृताला काम. रोज आठ-दहा लिटर देणाऱ्या गाईच्या खुराकातली बरीचशी पेंड पाला वाचवू शकतो. पंचवीस लिटरच्या गाईला नुसत्या पाल्यावर आणि कडब्यावर ठेवणं म्हणजे तिच्या अंगावरचं मांस काढून बादलीत ओतणं.

टॅनिनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण त्याला उगाच एकतर खलनायक केलं जातं नाहीतर औषध. टॅनिनचा धंदा एकच, प्रथिनांना चिकटणं. गाईच्या मोठ्या पोटात आम्लता कमी असते, तिथे ते प्रथिनांना धरून ठेवतं. पोटाच्या चौथ्या कप्प्यात आम्लता वाढली की पकड सुटते आणि प्रथिनं पुढे आतड्यात पचायला मोकळी होतात. टॅनिन दोन ते चार टक्क्यांच्या आसपास असेल तर ही चोख व्यवस्था आहे: जी प्रथिनं वर जिवाणूंनी उधळली असती ती गाईच्या वाट्याला येतात. पोटफुगी होत नाही तीही यामुळेच. लसूणघासाच्या हिरव्या पानांवर उपाशी गाय सुटली तर फुगते, कारण त्या पानांत हे टॅनिन जवळजवळ नसतंच; वर फेस धरतो आणि वायू अडकतो. पण टॅनिन वाढत गेलं की पकड सुटेनाशी होते, जिवाणूंची पाचक द्रव्यंही त्यात अडकतात, तोंड कोरडं पडतं आणि गाय खाणं सोडते. शेळ्या-हरणं इथे गाईच्या पुढे आहेत. झाडपाला खाऊनच जगणाऱ्या प्राण्यांच्या लाळेत टॅनिनला आधीच गाठणारी प्रथिनं असतात. गाईच्या लाळेत ती सोय तितकी नाही. शेळी खाते म्हणून गाईलाही चालेल, हा तर्क त्यामुळे लंगडा.

दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात कुंपणाच्या शिकारी-कुरणांवर कुडू जातीची हरणं मोठ्या संख्येनं मरू लागली. रोग सापडेना. पोटं उघडली तर पानांनी भरलेली, पण पानं न पचलेली. कोरडा हंगाम होता, गवत नव्हतं आणि हरणं बाभळीच्या जातीच्या झाडांवर तुटून पडली होती. त्या पानांतलं टॅनिन मात्र वाढलेलं होतं. कुंपणाबाहेर मोकळे फिरणारे जिराफ याच झाडांची पानं खात होते, पण एका झाडावर थोडा वेळ, मग ते झाड सोडून दूरच्या दुसऱ्या झाडावर. भुकेनं नव्हे, कुंपणानं घात केला असं मला यात दिसतं. पोटभर चारा समोर असूनही जागा बदलायची सोय नव्हती.

आपल्या दावणीच्या गाईची अवस्था कुडूसारखी आहे. मोकळी असती तर चार पानं इथली, दहा तिथली घेत फिरली असती आणि कुठलंही एक रसायन पोटात साठू दिलं नसतं. दाव्याला बांधली की ही निवड आपण तिच्याकडून काढून घेतो. मग ती आपण करायची, एवढं तरी कर्तव्य उरतं. गव्हाणीत एकाच झाडाचा ढीग टाकण्याऐवजी सुबाभूळ, शेवरी, तुती, शेवगा, हादगा असं आलटून पालटून किंवा मिसळून घालावं. आणि गाय एखादी डहाळी टाळत असेल तर तिला आळशी, नखरेल म्हणू नये. उपाशी ठेवून एखादा पाला खायला लावण्याचा सल्ला मी ऐकलाय. असा सल्ला देणाऱ्यानं कुडूंची गोष्ट ऐकावी.

मिश्रणाचं आणखी एक कारण झाडांच्या बाजूचं. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली सिलिड नावाची इवलीशी कीड १९८०च्या दशकात प्रशांत महासागर ओलांडून आशियात आली आणि काही वर्षांत सुबाभळीचे कोवळे शेंडे सुकवत सुटली. ज्यांच्या बांधांवर दुसरं काहीच नव्हतं त्यांची वैरण एका हंगामात गेली.

टाळण्याचं कारण दर वेळी विषच असतं असंही नाही. कधी नुसती अनोळख असते. गिरिपुष्पाचा पाला पहिल्यांदा दिला की बऱ्याच गाई वास घेऊन मान फिरवतात. तोच पाला कापून काही तास, फार तर रात्रभर, सावलीत पसरून सुकवला की वास उतरतो आणि खाल्ला जातो. वरून मिठाचं पाणी किंवा थोडी मळी शिंपडली तर लवकर. एकदा चटक लागली की गव्हाणीत पाला पडायच्या आधीच हंबरणं सुरू. वासरांचं तर आणखी सोपं. अमेरिकेत यूटामध्ये फ्रेड प्रोव्हेन्झा यांनी कित्येक वर्षं हाच विषय अभ्यासला: चरणारं पिल्लू काय खायचं ते आईच्या तोंडाकडे बघून शिकतं, आणि आईनं खाल्लेल्या चाऱ्याची चव त्याला दुधातून, त्याही आधी गर्भातूनच मिळालेली असते. पाला खाणाऱ्या गाईची कालवड मोठेपणी पाल्याला बुजत नाही. गोठा पाल्यावर वळवायचा असेल तर पिढी धरून विचार करावा, हे यातून मी घेतलं.

सुकवण्याची युक्ती मात्र झाड बघून. थंड प्रदेशातल्या रानटी चेरीच्या जातीत ताजी पानं थोडीबहुत खपून जातात, आणि वादळानं मोडलेल्या फांदीवरची कोमेजलेली पानं गाईचा जीव घेतात. पान कोमेजताना पेशी फुटतात, आतापर्यंत वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली द्रव्यं एकत्र येतात आणि सायनाइड तयार होतं. एकाच क्रियेनं एक पाला गोड होतो आणि दुसरा घातक. गिरिपुष्पाचाही ढीग घालून कुजू दिला, बुरशी धरली, तर त्यातल्या कुमारिनचं रक्त न गोठू देणारं रसायन होतं. सुकवायचा म्हणजे पसरून, वारा लागेल असा. कण्हेरीचं तर नावच नको. ताजी असो, वाळलेली असो, मूठभर पानंही गाईला पुरेशी आहेत. कुंपण छाटलं की तो कचरा गोठ्याच्या वाटेवरसुद्धा टाकू नये. थंड डोंगरातल्या ओकचा कोवळा पाला जास्त गेला तर मूत्रपिंडं जातात, आणि जून पाला तिथल्या गाई हिवाळाभर खातात. झाड तेच, महिना वेगळा.

महिन्याचा हिशेब पाल्यात फार मोलाचा. गवत पावसाच्या तालावर नाचतं. पाऊस गेला की पिवळं. झाडाची मुळं खोल, त्यामुळे उष्ण प्रदेशातली कित्येक झाडं ऐन कोरड्या उन्हाळ्यात, पावसाची वाट न बघता पालवतात. गव्हाणीला नेमका तेव्हाच हिरव्याचा तुटवडा असतो. पण पिकून गळलेल्या पानाला ती किंमत नाही. पान गाळण्याआधी झाड त्यातलं निम्म्याच्या आसपास नत्र फांदीत परत ओढून घेतं. खाली पडतो तो पाचोळा. तो खत म्हणून चांगला, वैरण म्हणून जवळजवळ कडब्याच्याच रांगेतला. म्हणजे घ्यायचं ते झाडानं परत घ्यायच्या आधी.

हे गणित माणसाला फार पूर्वी उमगलेलं आहे. स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठच्या नवाश्मयुगीन वस्त्यांत पाणथळ मातीमुळे जनावरांचं शेणसुद्धा टिकून राहिलं, आणि त्यात झाडांच्या डहाळ्यांचे अवशेष मिळाले. गवत कापून वाळवायचं तर लांब पात्याचा विळा हवा. डहाळी मोडायला दगडी हत्यारही चालतं. नॉर्वे-स्वीडनमध्ये तर ॲश, एल्म, बर्च यांच्या फांद्या उन्हाळ्यात तोडून, जुड्या बांधून, वाळवून हिवाळ्यासाठी कोठारात ठेवायची रीत विसाव्या शतकापर्यंत चालली. डोक्याइतक्या उंचीवर पुन्हा पुन्हा छाटून बुटकी, गाठाळ झालेली ती झाडं पश्चिम नॉर्वेच्या डोंगरउतारांवर अजून उभी आहेत. शतकानुशतकं छाटून घेऊनही ती जगली, कारण छाटणाऱ्याला थांबायचं कळत होतं.

थांबणं हीच छाटणीतली खरी कसरत. पानं गेली की झाड मुळाखोडात साठवलेल्या पिठूळ साठ्यावर नवा फुटवा काढतं. फुटवा मोठा होऊन तो साठा पुन्हा भरायच्या आत कोयता चालवला तर पुढचा फुटवा बारीक, त्याच्या पुढचा आणखी बारीक. बघता बघता खोड एका बाजूनं वाळायला लागतं आणि दोष जमिनीला दिला जातो. पावसाळी वाढीत दोन महिने, कोरड्या दिवसांत तीन किंवा त्याहून जास्त, एवढं अंतर राखावं. कमरेएवढं खोड ठेवावं, काप तिरका आणि स्वच्छ द्यावा, आणि एखादी पानांची फांदी झाडाकडे राहू द्यावी. ओढून फांदी फाडणाऱ्याच्या हातात मी कोयता देत नाही. लावणीनंतर पहिली छाटणी वर्षभरानं. त्याआधी कितीही मोह झाला तरी नाही.

दुधाचं थोडक्यात. उग्र वासाचा पाला धार काढायच्या आधी घातला तर वास दुधात उतरतो, म्हणून तो धार झाल्यावर. हिरव्या पाल्यातल्या कॅरोटिननं गाईच्या दुधाला, लोण्याला पिवळसर झाक येते. म्हशीच्या दुधाला येत नाही, कारण तिच्या शरीरात त्याचं जीवनसत्त्व अ होऊन जातं. पाल्यात कॅल्शियम भरपूर आणि फॉस्फरस कमी असतो, तेव्हा क्षारमिश्रण बंद करू नये. कोंड्यानंही फॉस्फरसची उणीव बरीच भरून निघते.

मध्यंतरी ओळखीतला एक तरुण विचारत होता, “काका, एका गाईला झाडं किती लावू?” मी त्याला केनियातला हिशेब सांगितला. तिथल्या डोंगराळ भागातले छोटे शेतकरी कॅलिअँड्राची झुडपं बांधावर, पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांच्या कडेला दाट लावतात. एका दुभत्या गाईला वर्षभर रोज सहा किलो ताजा पाला पुरवायला सुमारे पाचशे झुडपं लागतात, आणि तीन किलो ताजा पाला साधारण एक किलो तयार पशुखाद्याची जागा घेतो. आकडा ऐकून तो गप्प झाला. पाचशे झाडं म्हणजे त्याला रान दिसत होतं. मी म्हटलं, “अरे, हात-दीड हात अंतरानं कुंपणच लावायचंय ते. कडेकडेनं बसतं. आणि सगळी एका जातीची लावू नकोस.”

“आणि पहिलं वर्षभर काय घालू?”

“कडबा, भरडा, पेंड. आत्ता घालतोस तेच. झाडं मोठी होईतो कालवडीला मात्र रोज दोन डहाळ्या दाखवत जा, कुठल्या का झाडाच्या असेनात. आणि ती कुठली टाकते ते लिहून ठेव.”

तो शेवरीचं बी आणि गिरिपुष्पाच्या फांद्या घेऊन गेला. तुतीच्या काड्या पाऊस पडला की न्यायच्यात.